काचमाशाच्या डोहावर, दुसऱ्यांदा

या डोहावर मी याआधी एकदा लिहिलेलं आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी नाशिकच्या एका साप्ताहिकात तो लेख आला, पुढे माझ्या पुस्तकात गेला आणि त्याचं थोडंफार कौतुकही झालं. पेठच्या पलीकडच्या डोंगरात एक डोह आहे, त्यात काचेसारखे आरपार मासे आहेत, त्यांचं धडधडणारं हृदय उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि म्हणून तिथले लोक पिढ्यान् पिढ्या त्यांना देवीची लेकरं मानतात, खात नाहीत, असं मी त्यात लिहिलं होतं. डोह खरा होता. मासेही खरे होते. बाकीचं मी रचलं होतं.

गावाचं नाव मी तेव्हा दिलं होतं, आता देत नाही. माझ्या शाईचा त्या गावाला पुरेसा त्रास झालेला आहे.

गंगापूर रोड, शुक्रवार

माझी नात मुक्ता प्राणिशास्त्र शिकते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती मागच्या महिन्यात त्या डोहावर जाऊन आली, आणि शुक्रवारी जेवताना तिने मला आपला अहवाल वाचून दाखवायला घेतला. आपण मारलेली थाप नातीच्या तोंडून, तळटिपांसकट ऐकण्याचा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही. ‘मासे न खाण्याची ही परंपरा शेकडो वर्षांची असावी,’ असं तिने लिहिलं होतं. आधाराला दोन नावं होती. एक गावातले लहानूबाबा, दुसरा मी.

“आजोबा, तुमचा लेख तिथे फ्रेम करून लावलाय,” ती म्हणाली. “आणि तुमचं एक पत्रही. लॅमिनेट केलेलं. त्या पत्रावरून म्हणे एका चोराचा निकाल लागला होता.”

“चोर नव्हता तो,” मी म्हणालो. “त्याचं नाव देवराम. मी त्याच्याच घरी उतरलो होतो.”

मग भात गार होईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं.

मी तेव्हा तिशीतला विज्ञान शिक्षक. श्रावणातल्या सुट्टीत एकटाच डोंगरात फिरायला गेलो आणि देवरामने मला ठेवून घेतलं. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला एक व्याख्यान दिलं. आपण जातपात मानत नाही, सोवळं-ओवळं मानत नाही, तुमच्या ताटात पडेल ते खाऊ. देवराम हे कौतुकाने ऐकत होता. त्याने माझा शब्द खरा धरला, एवढीच त्याची चूक. सकाळी उठून तो डोहावर गेला, बांबूचा सापळा लावून लोटाभर मासे घेऊन आला. दोन-चार जिवंत मासे मला बघायला म्हणून बरणीत ठेवले आणि बाकीचे त्याच्या बायकोने, हिरीबाईने, रांधले.

वार होता श्रावणी सोमवार. ‘आज माझा उपास आहे,’ एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण आदल्या संध्याकाळचं व्याख्यान आडवं आलं. श्रावणातच काय, एरवीही मी मासा खाल्लेला नव्हता. मी बरणी उजेडात धरली आणि वर्गात काढतो तो आवाज काढून म्हणालो, “देवराम, हा मासा खायचा नसतो. याचं काळीज दिसतं. हा देवीचा.”

देवरामने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चुलीवरच्या मडक्याकडे.

“कोणच्या देवीचा?”

“तुमच्या डोहाच्या.”

“आमच्या डोहाला देवी नाय, गुरुजी.”

“असेल,” मी म्हणालो.

त्याने माझ्यापुढचं ताट उचललं आणि मला नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी आणून दिली. मग नवरा-बायको माझ्यासमोर बसून देवीची लेकरं चवीने जेवले. नाशिकला परतल्यावर मी लेख लिहिला, त्यात मात्र कुणीच जेवलं नाही.

लेख गावातल्या शाळेच्या मास्तरांपर्यंत पोचला. त्यांनी तो चार लोकांत वाचून दाखवला. छापून आलेल्या देवीला नाही म्हणणं अवघड असतं. डोहाकाठच्या दगडाला शेंदूर लागला, मासे धरायची बंदी झाली. देवरामने बंदी मानली नाही, कारण देवी कुठून आली हे त्याला ठाऊक होतं. एका कमी पावसाच्या वर्षी तो सापडला आणि पाच पंचांपुढे उभा राहिला. त्याने सरळ सांगितलं, “जेवण टाळाया गुरुजीनं थाप मारली. विचारा त्याला.”

त्यांनी विचारलं. मास्तरांचं पत्र आलं. तोवर माझं पुस्तक निघालं होतं, दोन ठिकाणी सत्कार झाला होता. मी चांगल्या जाड कागदावर उत्तर लिहिलं: ‘ही श्रद्धा मला आपल्याच गावातील वृद्धांकडून कळली. श्री. देवराम यांचा काही गैरसमज झालेला दिसतो.’

दोनच वाक्यं. व्याकरणाची एक चूक नाही.

देवरामच्या घराला ‘मासेखाऊ’ हे नाव पडलं आणि देवराम खोटारडा ठरला. नवी नागली घरात आली की त्या गावात डोहावर भाकरीची पूजा होते. प्रत्येक घर एक भाकर टोपलीत टाकतं. देवरामच्या घरची भाकर तेव्हापासून परत पाठवतात.

मुक्ताने अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “देवरामबाबा गेले. हिरीआजी आहेत. भाकरीची पूजा परवा रविवारी आहे. उद्या सकाळी सातला निघू.”

पेठच्या वाटेवर, शनिवार

गाडी माझ्या मुलाची. तो ओझरच्या कारखान्यात विमानांवर काम करतो, त्यामुळे गाडी चालवण्याबद्दल त्याने मुलीला दिलेल्या सूचना विमानाला शोभतील अशा होत्या. मुक्ताने सगळ्याला मान डोलावली आणि सावळघाटात त्यातली एकही पाळली नाही.

माझं लक्ष दरीवरून हटावं म्हणून ती माशांबद्दल बोलत होती.

“अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात एक मासा आहे, आजोबा. त्याचं रक्त लाल नाही. पाण्यासारखं आहे.”

“मग प्राणवायू कसा नेतं?” माझ्यातला शिक्षक जागा झाला.

“एवढ्या गार पाण्यात तो भरपूर विरघळलेला असतो. तसाच रक्तात उतरतो. हृदय तेवढं मोठं लागतं. आणि खोल समुद्रात आणखी एक आहे, त्याचं डोकंच काचेचं. डोळे डोक्याच्या आत. तो डोक्यातूनच वर बघतो.”

“म्हणजे बाहेरून आतलं दिसत असेल.”

“दिसतं ना.”

“तसं डोकं मला असतं तर ते पत्र मला लिहिता आलं नसतं.”

“लिहिलं असतंत हो. पोस्टमनने घेतलं नसतं.”

मग तिने मला आपल्या काचमाशाचं सांगितलं. शहरातल्या माशांच्या दुकानांतून तो पूर्वी सर्रास मिळायचा, पण गुलाबी, निळा, हिरवा. त्याच्या अंगात सुईने रंग भरायचे. आरपार मासा गिऱ्हाईक घेत नाही, रंगीत घेतं. रंग काही महिन्यांत उडतो, मासा बहुधा त्याआधीच मरतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मीही तेच केलं होतं, सुई न वापरता. माझा रंग मात्र चांगला पक्का निघाला.

पेठला चहा घेतला. नाशिकमध्ये तुम्ही मिसळ खाल्ली म्हणालात की पहिला प्रश्न येतो, कुठली. इथल्या चहावाल्याने पहिला प्रश्न विचारला, “कुनाकडं पाव्हणं?” मुक्ताने गावाचं नाव सांगितलं. “देवडोहाला? जा जा,” तो म्हणाला. “लय जुनं जागृत ठिकाण हाय.”

डोह

मुक्ताने आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता आणि त्यात माझं नाव सांगण्याची चूक केली होती. आम्ही उतरलो तर रस्त्यावर पंचवीस-तीस माणसं, हार, नारळ. पुढे सरपंच रंजनाताई, तिशीच्या, पदवीधर, हातात दोन मोबाइल. त्यांच्याशेजारी एक वाकलेला म्हातारा, उंच काठी घेऊन.

“हे लहानूबाबा,” सरपंच म्हणाल्या. “तेव्हाच्या पाच पंचांतले हे एकटेच राहिलेत. त्या निकालापासून डोहाची राखण करतात. एक मासा कुणाला काढू दिला नाही.”

लहानूबाबाने मला हात जोडले, पण डोळे वर केले नाहीत. मला वाटलं, आदर असावा.

डोहाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना आता पांढऱ्या टाइल बसवल्या आहेत, आमच्या न्हाणीघरात आहेत तशाच. वर पाटी: ‘पवित्र देवडोह’. गळ्यात हार असताना टाइलवरून उतरण्याचा मला सराव नाही. तिसऱ्या पायरीवर माझा पाय सटकला आणि मी सबंध गावासमोर कमरेपर्यंत पाण्यात जाऊन बसलो.

“देवीनं जवळ घेतलं!” मागून कोणीतरी म्हणालं.

लागलं काही नाही. आणि बसल्याजागी मासे मात्र असे दिसले, जसे त्या बरणीतही दिसले नव्हते. बोटाएवढे, चपटे. आधी नुसती डोळ्यांची काळी टिंबं दिसतात, पाण्यात मोहरी सांडल्यासारखी. मग नजर सरावली की टिंबामागे बारीक फणीसारखा कणा दिसतो आणि कण्यापलीकडचा खडा. मासा वळला की अंगावरून इंद्रधनुष्याची एक रेघ सरकते आणि जाते. धीट दोन-चार जण माझ्या पोटरीला तोंड लावून बघत होते.

“खवले शोधतायत,” काठावरून मुक्ता म्हणाली. “ह्यांच्यातली एक जात दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खाते. तीच असावी.”

दुसऱ्याच्या अंगावरचं खरवडून जगणारा प्राणी. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्याने याबद्दल फार बोलू नये. मी विचारलं, “काळीज कुठाय?”

“दिसत नाही, आजोबा. ते कल्ल्यांच्या मागे झाकलेलं असतं. आतडी त्या चंदेरी पिशवीत. बघा ना, पोटाजवळ चमकतंय ते. सगळं आरपार, पोट तेवढं झाकलेलं. आणि मेल्यावर तर तो दुधासारखा पांढराच पडतो.”

म्हणजे हृदयाचंही खोटंच होतं. मी नीट बघितलंही नव्हतं.

मला वर काढलं, चहा दिला. पाटीखाली फ्रेममध्ये माझा लेख होता, शेजारी पत्र, आणि दोन्हींना कुंकू लावलेलं. मी ओल्या कपड्यांनी सरपंचांना सांगायला सुरुवात केली. ताई, ही देवी मी रचली. देवरामच्या घरी, मासे खायचे नव्हते म्हणून.

“गुरुजी, किती नम्र आहात तुम्ही!” त्या म्हणाल्या.

“नम्र नाही. खोटं बोललो.”

त्या थांबल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “देवी कुणाच्या तोंडून बोलेल ते माणसाला थोडंच कळतं? तुम्हाला वाटलं तुम्ही बोललात.”

तीस-पस्तीस वर्षं मी मुलांना प्रयोग, निरीक्षण, अनुमान शिकवलं. हे वाक्य त्यातल्या कशातच बसत नव्हतं.

मुक्ता मला बाजूला घेऊन म्हणाली, “एक सांगू का? खालच्या नदीत लोक विषारी पूड टाकून मासे मारतात. तिथे मला हा मासा एकही सापडला नाही. इथे आहेत, ते तुमच्या थापेमुळे.”

“मग मी काय करू?”

“ते मला नका विचारू. माझा विषय प्राणिशास्त्र आहे.”

हिरीबाईचं घर

गावाच्या टोकाला. मुलगा-सून दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेले. हिरीबाई अंगणात नागली पाखडत होती.

“हिरीबाई, मी नाशिकचा...”

“वळखलं. पान्यात पडलं ते तुमीच ना? गावभर झालंय.” तिने सूप खाली ठेवलं नाही. “वल्या कपड्यानं खाटंवर बसू नका. त्या दगडावर बसा.”

मी दगडावर बसलो. वाटेत जुळवून ठेवलेलं, त्या श्रावणी सोमवारापासून पत्रापर्यंतचं, सगळं बोललो. त्यात ‘पश्चात्ताप’ हा शब्द दोनदा होता. ती पाखडत होती, कोंडा माझ्या ओल्या पँटवर येऊन चिकटत होता. मी थांबलो तेव्हा तिने विचारलं, “त्ये पत्र लिवलं तवा घरात कोण व्हतं?”

“कुणी नाही. मी एकटाच.”

“म्हंजी कुनी जबरदस्ती नाय केली.”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, कुनीतरी लिवून घेतलं आसंल.”

इतकी वर्षं माझ्या बाजूने एक सबब तिने सांभाळून ठेवली होती. ती सबबही माझ्याकडूनच गेली.

“त्यो मरस्तवर म्हनायचा, गुरुजी येतील नि सांगतील. मी म्हनायची, त्यो कशाला येतोय. तुमी याया नको व्हतं. माझंच खरं ऱ्हायलं असतं.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “लय म्हातारं झालात.”

“डोहाची बंदी उठवायला सांगू का उद्या?”

“कशाला? मासं ऱ्हाऊ द्या तितं. मला आता दात नाय.” तिने सूप झटकलं. “माझा मानूस मासेखाऊ व्हता, ते खरं हाय. खोटारडा नव्हता. तेवढं चार मान्सांत बोला. जमंल ना? का उंद्या परत सोमवार निघंल तुमचा?”

मी म्हणालो, “उद्या रविवार आहे.”

“मंग बघू.”

मुक्ताने तोंड फिरवलं. हसत होती की काय, मी पाहिलं नाही.

रविवार

सरपंचांच्या घरी राहिलो. सकाळी उडदाची घट्ट आमटी, भाकर. दहा वाजता डोहावर सगळं गाव जमलं. एकेक घर पुढे येई, टोपलीत भाकर टाकी. हिरीबाई फडक्यात भाकर बांधून शेवटी उभी होती. दरवर्षी अशीच येते, मुक्ताला कोणीतरी सांगितलं; दरवर्षी परत जाते.

लहानूबाबा काठी आडवी घेऊन खालच्या पायरीवर बसला होता. सरपंचांनी माझी ओळख करून दिली आणि माइक माझ्या हातात दिला.

मी व्याख्यान दिलं नाही. म्हणालो, देवराम खरं बोलला होता. देवीची गोष्ट मी रचली, त्याच्या घरी, जेवण टाळायला. तुम्ही पत्र पाठवून मला विचारलंत तेव्हा मला खरं सांगता येत होतं. मी खोटं लिहिलं. तुम्ही माझ्या कागदावर विश्वास ठेवलात आणि स्वतःच्या माणसावर ठेवला नाहीत, पण दोष कागद लिहिणाऱ्याचा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरपंचांनी माइक हळूच काढून घेतला. गाव दोन मिनिटांत कुठल्या थराला जाऊ शकतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

“गुरुजींनी मोठ्या मनानं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे देवी पहिल्यांदा बोलली कुठे? देवरामबाबांच्या घरात! आपण त्या घराला मागे ठेवलं, चूक आपली. ते घर देवीचं माहेर आहे. आजपासून पहिली भाकर हिरीआजींची!”

आता टाळ्या पडल्या. मी मनातून त्यांना हात जोडले. देवीही राहिली, मासेही राहिले, देवरामही सुटला. अशी सोय मला आयुष्यात सुचली नव्हती, आणि सोयी शोधण्यात मी काही कच्चा नव्हे.

“नको,” हिरीबाई म्हणाली.

ती जागेवरून हलली नव्हती. “काल मासेखाऊ, आज देवीचं म्हायेर. माझ्या घरात देवी-बिवी आली नव्हती, सरपंचबाई. ह्यो गुरुजी आला व्हता, नि ह्याला जेवायचं नव्हतं.”

मागे कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मीही हसलो असतो, पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

“पत्रानं बाद केलं, तर पत्रानंच घ्या,” ती म्हणाली. “लिवा, गुरुजी.”

मुक्ताने वही दिली. मी पायरीवर बसून लिहिलं. मुक्ताने मोठ्याने वाचलं, “कैलासवासी देवराम हे पूर्णतः निर्दोष होते...”

“निर्दोष म्हंजी?”

“म्हणजे त्यांनी काही केलं नव्हतं, आजी.”

“केलं व्हतं की! मासं खाल्लं व्हतं त्यानं. मीच रांधलं व्हतं. खोडा ते.”

मी खोडलं. “मग काय लिहू?”

“लिवा. देवरामनं मासं खाल्लं, नि खरं बोलला. गुरुजी खोटं बोलला.”

आयुष्यभर मी शब्द लावून वाक्यं सजवली. या वाक्याला लावायला काही नव्हतं. मी ती सांगत होती तसं लिहिलं, खाली सही केली. मुक्ताने माइकवर वाचलं. वरून सरपंच म्हणाल्या, “ठीक आहे, आजी. लावू. पण जुनं पत्र देवस्थानचं आहे, ते काढता येणार नाही. दोन्ही राहू द्या शेजारीशेजारी.” एकाच अक्षरातली, एकाच सहीची, एकमेकांना खोटं पाडणारी दोन पत्रं. माझ्या कर्तृत्वाचं एवढं नेमकं प्रदर्शन कुठल्या सत्काराने मांडलं नव्हतं.

आणि मग खालच्या पायरीवरून लहानूबाबा बोलला. आवाज बारीक होता, आम्ही जवळ होतो म्हणून ऐकू आला.

“सापळा माझा व्हता.”

“काय म्हणालात, बाबा?” सरपंचांनी विचारलं.

“त्यो घावला त्या दिशी. सापळा माझा व्हता. दोगं मिळून लावला आमी.” तो पाण्याकडे बघत होता. “मान्सं आली तवा मी पळालो. त्यानं माझं नाव नाय घेतलं. दुसऱ्या दिशी मी पंचांत बसलो.”

टोपली धरणाऱ्या बाईने टोपली खाली ठेवली.  सरपंचांनी माइक खाली केला.

हिरीबाई पायऱ्या उतरून त्याच्यापाशी गेली. टाइलवरून ती कशी उतरली ते मला कळलं नाही, मी काल तिथेच घसरलो होतो. ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी त्याला.  पण ती वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “कागद ऱ्हायलाय का, गुरुजी?”

“आहे.”

“मंग थांबलात कशाला? ल्हानूचं नाव घाला.”